दाढेच्या मुळाशी

मोठ्या माणसाच्या बत्तिसाच्या बत्तीस दातांमधला मऊ गर एकत्र केला तर तो साधारण ०.३८ मिलिलिटर भरतो. ड्रॉपरनं मोजायचं तर सात-आठ थेंब. एका दाताच्या वाट्याला सरासरी अर्धा थेंबही येत नाही. त्या अर्ध्या थेंबात रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, जंतूंशी लढणाऱ्या पेशी आहेत आणि आयुष्यभर दात बांधत राहणाऱ्या पेशींची एक सलग रांग आहे. रात्री दोन वाजता माणसाला अंथरुणात उठवून बसवणारा ठणका याच अर्ध्या थेंबातून निघतो.

रूट कॅनल हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. लग्नसराई, परीक्षा, दिवाळी सांभाळून लोक सिटिंग ठरवतात, खर्चाची चौकशी करतात आणि सगळं झाल्यावर ‘नस काढली’ एवढ्या दोन शब्दांत विषय संपवतात. मला मात्र या उपचाराबद्दल जितकं कळत गेलं तितका मी थक्क होत गेलो. हृदयावरची किंवा डोळ्यावरची शस्त्रक्रिया आपण जशी कौतुकानं सांगतो, त्याच पंगतीत गल्लीतल्या दवाखान्यात तासा-दीड तासात होणारी ही गोष्ट बसायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आधी दाताची रचना पाहू. बाहेरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनानं सुमारे ९६ टक्के खनिजच. त्यात एकही जिवंत पेशी नाही. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येताना नष्ट होतात, म्हणून एकदा गेलेलं एनॅमल शरीराला पुन्हा तयार करता येत नाही. त्याच्या आत असतं पिवळसर डेंटिन. नुसत्या डोळ्यांना ते घट्ट, भरीव दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर नळ्याच नळ्या. गराजवळच्या भागात एका चौरस मिलिमीटरमध्ये चाळीस-पन्नास हजार नळ्या असतात आणि एकेकीची रुंदी असते जेमतेम दोन-अडीच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन-अडीच. प्रत्येक नळीत द्रव असतो आणि तिच्या आतल्या तोंडाशी गरातली एक पेशी बसलेली असते. डेंटिन बांधणारी पेशी ती हीच. दात उगवला म्हणून तिचं काम संपत नाही. ती आतून थर देतच राहते, त्यामुळे तरुणपणी ऐसपैस असलेली गराची खोली उतारवयात अरुंद होत जाते. साठी उलटलेल्या माणसाची दाढ उघडल्यावर वाट सापडायला डॉक्टरांना अनेकदा जास्त वेळ लागतो, तो यामुळे.

थंड पाण्यानं दात का शिवशिवतात, याचं उत्तरही या नळ्यांत आहे. १९६०च्या दशकात स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी ते मांडलं. गार पाणी लागलं की नळ्यांतला द्रव किंचित सरकतो आणि त्या सरकण्यानं आतल्या टोकाचे मज्जातंतू जागे होतात. गोड खाल्लं, वाऱ्याची झुळूक लागली, तरी आत घडतं ते हेच. दात आपल्याला कळवतो ती या द्रवाची हालचाल.

गराचा बाकीच्या शरीराशी संबंध येतो तो मुळाच्या टोकावरच्या भोकातून. या भोकाचा व्यास मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. रक्त आत येणार ते इथूनच, बाहेर जाणार तेही इथूनच, आणि मज्जातंतूंची जुडीही याच वाटेनं. या अरुंद दारातच पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ आहे.

बोटाला लागलं तर बोट सुजतं. सूज ही शरीराची मदत असते. रक्त धावून येतं, लढणाऱ्या पेशी येतात, जागा ताणली जाते आणि काम झालं की सूज उतरते. दाताच्या गराला ताणायला जागाच नाही. चारही बाजूंनी डेंटिनच्या भिंती आणि खाली एवढंसं भोक. दातावरच्या थरात राहणारे जिवाणू साखरेचं आम्ल करतात, आम्ल एनॅमल विरघळवतं, मग जिवाणू डेंटिनच्या नळ्यांत शिरतात. अनेक जिवाणू या नळ्यांत सहज मावतील एवढे बारीक असतात. ते किंवा त्यांचं विष गरापर्यंत पोचलं की गर सुजू पाहतो, आतला दाब वाढतो आणि रक्ताचा प्रवाह अडखळतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून दिवसभर सोसवलेली दाढ रात्री पाठ टेकताच उसळते. गरम चहानं कळ येते आणि बराच वेळ जात नाही. काही जण तर गार पाण्याची बाटली घेऊनच दवाखान्यात येतात, कारण त्या अवस्थेत गार घोट घेतला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

याच टप्प्यावर माणसाला कोणता दात दुखतोय हे धड सांगताही येत नाही. खालची दाढ दुखत असते आणि बोट वरच्या दाढेवर जातं, नाहीतर कानातच काहीतरी झालंय असं वाटतं. गरातले मज्जातंतू वेदना पोचवतात, पण पत्ता नीट सांगत नाहीत. पत्ता सांगतात ते मुळाभोवतीच्या लवचीक पडद्यातले तंतू. दात आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये हा पातळ पडदा असतो आणि दात त्याच्यावरच टांगलेला असतो. संसर्ग मुळाच्या टोकातून बाहेर पडून तिथवर आला की मग ‘हाच तो दात’ असं बोट ठेवून सांगता येतं. पडदा सुजल्यामुळे दात थोडा वर उचलला जातो, घास चावताना तोच आधी लागतो. डॉक्टर आरशाच्या दांड्यानं एकेका दातावर टकटक करतात, ते हे पाहण्यासाठी.

मध्येच एक फसवा दिवस येतो. कळ थांबते. चार रात्री जागवणारी दाढ अचानक गप्प होते आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं. लवंग लागू पडली, मेडिकलमधून आणलेली गोळी लागू पडली, असं वाटतं. लवंगेत खरोखर गुण आहे. तिच्यातलं युजेनॉल मज्जातंतूंना काही काळ बधिर करतं आणि दातांच्या दवाखान्यात शिरताच जो वास येतो तो बऱ्याचदा याच युजेनॉलचा, कारण झिंक ऑक्साइडबरोबर मिसळून ते तात्पुरतं सिमेंट म्हणून वापरलं जातं. पण बरेच दिवस ठणकून मग आपोआप गप्प झालेल्या दाढेचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: आतला गर मेला. दुखवायला आता मज्जातंतूच उरले नाहीत. जिवाणू मात्र उरले आहेत, आणि त्यांना ऊबदार, ओली, प्राणवायू कमी असलेली बंद खोली मिळाली आहे.

इथे गोळ्यांचं काय होतं हे नीट समजून घ्यायला हवं. अँटिबायोटिक रक्तातून जातं. शरीरातल्या लढणाऱ्या पेशीही रक्तातूनच जातात. गर मेला म्हणजे त्या खोलीकडे जाणारा रक्ताचा रस्ताच संपला. गोळ्या मुळाबाहेर पसरलेल्या संसर्गावर काम करतील, गालावरची सूज उतरवतील, ताप असेल तर डॉक्टर त्या देतीलही; पण दाताच्या आत बसलेल्या वस्तीपर्यंत पुरेसं औषध पोचत नाही. गोळ्यांचा कोर्स संपला की आतले जिवाणू पुन्हा बाहेर पाझरू लागतात. म्हणून आत माणसाचा हात जावा लागतो.

दाताच्या आत काहीतरी शिरून तो पोखरतं, ही कल्पना फार जुनी. बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर दातातल्या अळीची कथा आहे. आपल्याकडे वाग्भटानं अष्टांगहृदयात किडलेल्या दाताचं भोक गुळानं किंवा मेणानं भरून डागायला सांगितलं आहे, भोकात रुईचा चीक भरण्याचाही उपाय दिला आहे. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात सुमारे २,२०० वर्षांपूर्वीची एक कवटी मिळाली. तिच्या पुढच्या एका दाताच्या मुळात अडीच मिलिमीटर लांबीची काशाची तार बसवलेली आढळली. ती नेमकी कशासाठी बसवली होती यावर अभ्यासक तर्क करतात, पण त्या काळात कुणीतरी मुळाच्या पोकळीत तार घातली, एवढं त्या दातात दिसतं.

अळीची कल्पना ढासळायला वेळ लागला. १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशार यांनी दंतवैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी अळी नाकारली. १८९०च्या सुमारास बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी कीड ही जिवाणूंच्या आम्लाची करणी आहे हे मांडलं आणि आजारी गरातही जिवाणू पाहिले. तरी एक प्रश्न उरलाच. गर मरतो तो उघडा पडल्यामुळे, त्यात अन्न अडकल्यामुळे, की निव्वळ जिवाणूंमुळे?

याचं उत्तर १९६५ साली अमेरिकेत मिळालं आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग तो हाच. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी उंदरांचे दोन गट घेतले. एक गट साध्या उंदरांचा. दुसरा जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांचा, ज्यांच्या तोंडात एकही जिवाणू नव्हता. दोन्ही गटांच्या दाढांना गरापर्यंत भोक पाडलं आणि तसंच उघडं ठेवलं. उंदीर खात राहिले, अन्नाचे कण भोकात दडपले जात राहिले. साध्या उंदरांत थोड्याच दिवसांत गर सडला, पू झाला. निर्जंतुक उंदरांत मात्र, भोकात अन्न कोंबलेलं असतानाही, गर जिवंत राहिला आणि दोनेक आठवड्यांनी त्यानं जखमेवर डेंटिनचा नवा पूल बांधायला सुरुवात केली. एकटा, कुणाच्याही मदतीशिवाय. तो प्रयोग वाचला की कळतं की गर नाजूक नाही, लढवय्या आहे. जिवाणू नसतील तर तो स्वतःच स्वतःला सावरतो. रूट कॅनलचं सगळं तंत्र त्या दिवसापासून एका वाक्यावर उभं आहे: जिवाणू बाहेर काढा आणि पुन्हा आत येऊ देऊ नका.

सांगायला सोपं. करायला किती अवघड, हे झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी दाखवून दिलं होतं. त्यांनी काढून टाकलेले हजारो दात गोळा केले, त्यांच्या पोकळीत रबर भरलं, ते तापवून टणक केलं आणि मग आम्लात दातच विरघळवून टाकला. उरला तो फक्त आतल्या पोकळीचा रबरी ठसा. १९२५ साली हे काम इंग्रजीत आलं तेव्हा ती चित्रं पाहून दंतवैद्य हबकले असतील. मुळात एक सरळ नळी असते हा समज होता. हेस यांच्या ठशांत दिसल्या त्या वडाच्या पारंब्यांसारख्या फुटलेल्या, मध्येच एकमेकींना मिळणाऱ्या, पुन्हा वेगळ्या होणाऱ्या वाटा. दोन मुख्य नळ्यांना जोडणाऱ्या चपट्या फटी, टोकाशी फुटलेले बारीक फाटे. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात म्हणून तीन नळ्या असतील असं वाटतं, पण अर्ध्याहून अधिक दाढांत पुढच्या मुळात लपलेली चौथी नळी असते. ती सापडली नाही तर जिवाणूंची वस्ती तिथे तशीच राहते आणि दाढ काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा तक्रार करते.

आता प्रत्यक्ष दवाखान्यात चला. आधी भूल. सुजलेल्या दाढेला भूल नीट लागत नाही, असा पुष्कळांचा अनुभव असतो आणि तो खरा आहे. सूज आलेल्या जागी आम्लता वाढते आणि आम्लात भुलेच्या औषधाचा मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरू शकणारा अंश कमी होतो. म्हणून डॉक्टर दुसरं इंजेक्शन देतात किंवा वेगळ्या जागी देतात. ‘दुखतंय’ असं सांगितल्यावर ते थांबतात. तुम्ही सांगायला अजिबात संकोच करू नका.

मग दातावर रबराचा पातळ पडदा चढवतात, ज्यातून फक्त तो एक दात वर डोकावतो. सॅनफर्ड बार्नम या न्यूयॉर्कच्या दंतवैद्यानं १८६४ साली तो शोधला आणि पेटंट न घेता सगळ्यांना खुला करून दिला. लाळेतले जिवाणू आत जाऊ नयेत आणि बारीक हत्यारं घशात जाऊ नयेत, ही दोन्ही कामं तो करतो. तुमच्या डॉक्टरांनी तो लावला नाही तर विचारा.

दाढेचं छत ड्रिलनं उघडलं की गराची खोली दिसते. इथे कसलेली नजर हवी. खोलीच्या भिंती फिकट, तळ करडा. तळावर काळसर रेषा असतात आणि त्या रेषांच्या टोकाशी, भिंत आणि तळ मिळतात तिथे, नळ्यांची तोंडं असतात. जिथे वाट आहे तिथे दातानंच खुणेची रेघ ओढून ठेवलेली असते, हे मला फार विलक्षण वाटतं. अलीकडे बरेच एंडोडोंटिस्ट, म्हणजे याच कामात तज्ज्ञ असलेले डॉक्टर, सूक्ष्मदर्शक लावून हा तळ पाहतात.

मग येते ती फाइल. दहा नंबरची फाइल जवळून पाहायला मिळाली तर जरूर पाहा. जांभळ्या मुठीची, दोन-अडीच सेंटिमीटर लांब पोलादी सुई. तिच्या टोकाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. नंबर म्हणजे हीच जाडी: पंधरा नंबर म्हणजे ०.१५ मिलिमीटर, वीस म्हणजे ०.२०. पंधराची मूठ पांढरी, विसाची पिवळी, पंचविसाची लाल, तिसाची निळी. जगभर हेच रंग. डॉक्टर ती दोन बोटांत धरून पाव वळसा उजवीकडे, पाव वळसा डावीकडे अशी चाळवत खाली नेतात. दिसत काहीच नाही. जे कळतं ते बोटांच्या टोकांना. एडवर्ड मेनार्ड या अमेरिकी दंतवैद्यानं १८३८च्या सुमारास असं पहिलं हत्यार घड्याळाची स्प्रिंग घासून बनवलं, असं मानतात.

पण टोक आलं हे कळणार कसं? फार खाली गेलं तर फाइल हाडात घुसते, अलीकडे थांबलं तर शेवटची वस्ती राहून जाते. हवं असतं टोकाच्या अर्ध्या-एक मिलिमीटर अलीकडे. यासाठी एक यंत्र आहे. त्याचा एक हुक तुमच्या ओठाला अडकवतात, दुसरी तार फाइलला जोडतात. फाइल खाली जाते तसे बीप-बीप आवाज जवळजवळ येत जातात आणि टोकाशी पोचताच सूर बदलतो. जपानमध्ये सुझुकी यांनी १९४२ साली कुत्र्यांवर प्रयोग करताना पाहिलं की मुळाच्या टोकाशी असलेलं हत्यार आणि तोंडातली त्वचा यांच्यामधला विजेचा रोध कायम एकाच मूल्याचा येतो. १९६२ साली सुनादा यांनी ते माणसावर आणलं: सुमारे साडेसहा हजार ओहम. माणूस तरुण असो की म्हातारा, दात पुढचा असो की मागचा, आकडा जवळपास तोच. आजची यंत्रं अधिक गुंतागुंतीचं मोजमाप करतात, पण तुमच्या शरीरातून सूक्ष्म वीज फिरवून न दिसणाऱ्या भोकाचा पत्ता लावायचा, ही कल्पना तीच.

नळी वाकडी असेल तर? बहुतेक नळ्या वाकड्याच असतात आणि ताठ पोलाद वळणावर भिंतीत घुसतं. उत्तर आलं अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतून. तिथे विल्यम ब्यूलर यांनी निकेल आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू बनवला होता. एका बैठकीत त्या धातूचा घडी घातलेला पत्रा हातोहात फिरत असताना कुणीतरी पाइप पेटवायच्या लायटरनं तो तापवला आणि पत्रा आपोआप उलगडून पूर्वीसारखा सरळ झाला. तो नायटिनॉल. १९८८ साली हरमीत वालिया आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दात सरळ करायच्या नायटिनॉल तारेतून फाइली घडवून त्या तपासल्या. त्या वाकल्या, पिळल्या, पण पोलादापेक्षा कितीतरी लवचीक राहिल्या. आज डॉक्टर मोटरवर फिरवतात त्या फाइली याच धातूच्या.

तरीही फाइल भिंतीला सगळीकडे लागतच नाही. सूक्ष्म स्कॅन करून पाहिलं तेव्हा फिरत्या फाइलींनी काम केल्यावरही नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग अस्पर्श राहिलेला दिसला. मग साफसफाई करतं कोण? पाणी. म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, घरातल्या ब्लीचमध्ये असतं तेच रसायन. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन आणि अलेक्सी कॅरेल यांनी फ्रान्समधल्या इस्पितळात सैनिकांच्या सडलेल्या जखमा याच द्रावणानं धुतल्या. ते जिवाणू मारतं आणि मेलेलं मांस विरघळवतंही. फाइल वाट रुंद करते ती मुख्यतः हे द्रावण टोकापर्यंत पोचावं म्हणून. डॉक्टर सारखी सिरिंज बदलतात, पुन्हा पुन्हा धुतात. त्या वेळी उपचार थांबलाय असं वाटतं, पण खरा उपचार तेव्हाच चाललेला असतो.

एका बैठकीत काम संपलं नाही तर नळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवतात. हा म्हणजे पानाला लावतात तो चुना, औषधी शुद्धतेचा. त्याच्या तीव्र अल्कधर्मितेत फार थोडे जिवाणू तग धरतात.

शेवटी नळी भरायची, आणि इथे गोष्ट थेट मुंबईच्या समुद्रात जाते. मलाया आणि आसपासच्या बेटांवर एक झाड होतं, त्याच्या चिकाला गटापर्चा म्हणतात. गरम केला की मऊ, गार झाला की घट्ट. सिंगापुरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेले डॉक्टर विल्यम माँटगोमेरी यांनी स्थानिक लोकांना कोयत्याच्या मुठी त्यापासून करताना पाहिलं आणि १८४३च्या सुमारास त्याचे नमुने युरोपात पाठवले. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकतो असं दिसल्यावर तारखात्याला सोनं सापडलं. समुद्राखालच्या तारांवर गटापर्च्याचं वेष्टण चढलं. १८७०च्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजानं मुंबईहून एडनकडे तार टाकत प्रवास सुरू केला, आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली. त्या तारेभोवतीही गटापर्चाच होता. या हव्यासापायी मलायातली ती झाडं बेसुमार तुटली, हेही सांगायलाच हवं. त्याच सुमारास, १८६७ साली, अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या बोमन यांनी दाताच्या मुळात गटापर्चा भरला. तारांना पुढे प्लॅस्टिक मिळालं, गटापर्चा मागे पडला. दाताच्या मुळात मात्र तो आजही आहे. डॉक्टरांच्या डबीतल्या त्या गुलाबी, निमुळत्या काड्यांत सुमारे पाचवा हिस्सा गटापर्चा आणि बहुतेक बाकीचं झिंक ऑक्साइड असतं. समुद्रात जो गुण उपयोगी पडला तोच इथेही पडतो: ओलाव्यात राहून तो कुजत नाही आणि शरीर त्याच्यावर चिडत नाही.

काड्या आणि सिमेंट भरून झालं, दाताचं तोंड बंद केलं, की डॉक्टरांचं काम संपतं आणि शरीराचं सुरू होतं. संसर्ग जुना असेल तर एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसतो. तिथलं हाड झिजलेलं असतं. त्या डागात डॉक्टर काहीही भरत नाहीत. सहा महिन्यांनी, वर्षानं, कधी त्याहून उशिरा पुन्हा एक्स-रे काढला तर डाग लहान होत गेलेला किंवा नाहीसा झालेला दिसतो. शरीरानं तिथे नवं हाड घातलेलं असतं. १९६५च्या उंदरांनी दाखवलेली गोष्ट इथे माणसाच्या जबड्यात पुन्हा घडते. हे दोन एक्स-रे शेजारी ठेवून दाखवायला डॉक्टरांना सांगा, पाहण्यासारखं असतं.

‘पण दात तर मेला ना?’ असं विचारतात. गर गेला हे खरं. पण मुळाभोवतीचा पडदा जिवंत असतो, त्याला रक्त मिळतं हाडाकडून, आणि घास किती कठीण आहे हे तोच मेंदूला सांगत राहतो. वाढ पूर्ण झालेल्या दाताला टिकण्यासाठी एवढं पुरतं. रूट कॅनल केलेल्या दातातून शरीरभर रोग पसरतात, ही भीती १९१० ते १९३०च्या काळातल्या कच्च्या प्रयोगांतून आली. तिच्यापायी त्या काळी लाखो चांगले दात उपटले गेले. पुढच्या काटेकोर अभ्यासांत ते दावे टिकले नाहीत, तरी मोबाइलवर ते अजून फिरतात. त्यांना घाबरून दात काढू नका.

घाबरायचंच असेल तर अर्धवट सोडलेल्या उपचाराला घाबरा. कीड आणि ड्रिल या दोन्हींनी दाढेचा बराच भाग गेलेला असतो, उरलेल्या भिंती घास चावताना फाटू शकतात, आणि तात्पुरतं सिमेंट झिजलं की लाळ पुन्हा आत झिरपते. २००४ साली अमेरिकेत सुमारे १४ लाख ६० हजार रूट कॅनल केलेल्या दातांच्या विमा नोंदी तपासल्या गेल्या. आठ वर्षांनंतर त्यातले ९७ टक्के दात तोंडात होते. जे काढावे लागले त्यांतल्या ८५ टक्के दातांवर सगळा दात झाकणारी पूर्ण कॅप नव्हती. पुढच्या दाताला कधी कधी नुसतं भरण पुरतं, दाढेला सहसा पुरत नाही. तेव्हा तुमच्या दाढेचं रूट कॅनल झालं असेल, दुखणं गेलं असेल आणि कॅपची सिटिंग ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून राहिली असेल, तर आजच फोन करून तारीख घ्या.